गोधडीला बसायचे निमित्त

चाळिशी-पन्नाशीतली स्त्री सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येते, तेव्हा तिच्या तक्रारींची यादी आम्हा डॉक्टरांना बहुतेक वेळा तोंडपाठ असते. अंग दुखते, हातापायाला मुंग्या येतात, डोके जड होते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अंगावरून पांढरे जाते. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड तपासले जाते, ईसीजी काढला जातो. काही सापडले तर उपचार सुरू होतात. पुष्कळदा मात्र या सगळ्या त्रासाचा उलगडा होईल असे काही सापडत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ती घरी जाते आणि महिन्याभराने पुन्हा रांगेत दिसते.

'घरी कसं चाललंय?' एवढा एक प्रश्न विचारला, तरी अशा कितीतरी जणींचे डोळे भरून येतात. पण तिच्या मागे रांग असते आणि आमच्या हाती चार-पाच मिनिटे. शिवाय नवरा किंवा सासू शेजारी उभी असेल तर ती 'बरं आहे' म्हणून मोकळी होते. तिला गोळीबरोबर, किंबहुना गोळीच्या आधी, बसून बोलायला एक जागा हवी असते. ती जागा आपल्याकडे पूर्वी रोजच्या कामांतच होती. त्यांतले एक काम म्हणजे गोधडी शिवणे.

काम चालू आहे, म्हणून बसता येते

शेतातली कामे उरकली, ऊन तापू लागले, की घराघरांत गोधड्यांचा विषय निघत असे. कुठे तिला गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. जुनी नऊवारी लुगडी, धोतरे, विटलेली चादर, मुलांचे आखूड झालेले कपडे धुऊन वाळवायचे, एकावर एक थर अंथरायचे, कडा जुळवायच्या आणि धावदोरा घालत पुढे सरकायचे. हे काम एकटीने करता येत नाही असे नाही. पण थर सरकतात, चुण्या पडतात, ताण सारखा राहत नाही. म्हणून शेजारणी, जावा, नणंदा चारही बाजूंनी बसतात. घरात बाळ येणार असेल तर दुपट्यांचा ढीग शिवायचा असतो. एका मोठ्या गोधडीला कित्येक दुपारी लागतात.

आरोग्याच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे बाईने नुसते बसणे कुणाला फारसे रुचत नाही. दुपारी चार बायका पायरीवर बोलत बसल्या, तर 'यांना कामं नाहीत का?' हा शेरा ठरलेला. गोधडीला बसलेल्या बायकांना मात्र तसे कुणी म्हणत नाही, कारण काम चालू असते. हातातल्या सुईमुळे तिला दोन तास एका जागी बसण्याची परवानगी मिळते. नजर टाक्यावर असल्याने समोरचीच्या डोळ्यांत बघून बोलावे लागत नाही. अवघड गोष्ट सांगताना गळा दाटला, तर सुईत दोरा ओवण्याच्या निमित्ताने थांबता येते. उत्तर द्यायची घाई नसते आणि उरलेली गोष्ट उद्या सांगता येते. समुपदेशनाच्या खोलीत आम्ही प्रयत्नपूर्वक जे वातावरण तयार करू पाहतो, ते तिथे आपोआप असते.

जात्याचेही असेच होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, लेकीची पाठवणी, नवऱ्याचा स्वभाव, दारिद्र्य असे सारे त्यांत आहे. पिठाची गिरणी आली, बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले आणि ते उत्तमच झाले. जाते परत आणा, असे कोणतीही शहाणी व्यक्ती म्हणणार नाही. पण त्या कष्टांबरोबर बोलण्याची ठरलेली वेळ आणि ठरलेली सोबतही गेली. तिच्या बदली दुसरे काही आपण उभे केले नाही.

एकटेपणा शरीरालाही लागतो

मैत्रीमुळे बरे वाटते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? पण आता हा प्रश्न 'बरे वाटण्या'पुरता राहिलेला नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र करून तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. ज्यांचे माणसांशी नाते घट्ट होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सहांपैकी एक व्यक्ती एकटेपणाने ग्रासलेली आहे आणि दर वर्षी ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंचा संबंध एकटेपणाशी जोडता येतो.

हे कसे घडते? सततच्या ताणात शरीर धोक्याच्या पवित्र्यात राहते. अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढलेली राहिली, तर रक्तदाब, रक्तातली साखर, झोप आणि प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर परिणाम होतो. विश्वासाचे माणूस जवळ असेल तर तोच प्रसंग कमी धोक्याचा वाटतो आणि शरीर लवकर पूर्ववत होते. दुसरे कारण अगदी साधे आहे. जवळची माणसे गोळीची आठवण करतात, 'आज चेहरा उतरलेला दिसतो' असे म्हणतात आणि दवाखान्यात सोबत येतात.

लंडनच्या दक्षिणेकडील कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी स्त्रियांमधील नैराश्याचा जो अभ्यास केला, तो १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आला. आयुष्यात मोठा आघात झाल्यावर कोणती स्त्री कोलमडते आणि कोणती सावरते, हा त्यांचा प्रश्न होता. विश्वासाने मन मोकळे करावे असे जवळचे नाते नसणे, पदरात तीन किंवा अधिक लहान मुले असणे, घराबाहेर काम नसणे आणि लहानपणीच आई गमावलेली असणे या चार गोष्टी धोका वाढवणाऱ्या ठरल्या. यांतल्या काही गोष्टी आता बदलता येणार नाहीत. पहिली मात्र बदलता येते.

मनाचे की शरीराचे?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बाईच्या तक्रारी म्हणजे 'टेन्शन', असे म्हणून मोकळे होण्याची सवय घरच्यांना असते आणि डॉक्टरांनाही असते. आपल्याच भागातले दोन अभ्यास यासाठी एकत्र वाचायला हवेत.

गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण आणि इतर शारीरिक दुखण्यांशी अधिक घट्ट आढळला. म्हणजे प्रत्येक वेळी प्रतिजैविकांचा कोर्स हे त्याचे उत्तर नव्हे. दुसरीकडे, डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक तरी आजार होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के. आजार खरे होते. पण त्यांविषयी बोलायचे कुणाशी आणि दाखवायचे कुठे, याचा मार्ग नव्हता.

या दोन्ही अभ्यासांतून निघणारा धडा एकच आहे. तक्रार मनाची की शरीराची हे ठरवण्याआधी ती पूर्ण ऐकून घ्यायला हवी. आणि ऐकून घ्यायला आधी ती बोलली गेली पाहिजे.

ओट्यावरच्या दुपारी

मधुमेह आणि रक्तदाबाच्या तपासणीसाठी आम्ही एका वस्तीत महिन्यातून एकदा जातो. तिथे समाजमंदिराच्या ओट्यावर सात-आठ बायका दुपारी गोधड्या शिवतात, काही घरच्या आणि काही ऑर्डरच्या. ओळख पटू नये म्हणून पुढच्या हकिगतींतले काही तपशील मी बदलले आहेत.

साठी ओलांडलेल्या एका मावशींनी नवऱ्याचे दोन सदरे तीन वर्षे ट्रंकेत जपून ठेवले होते. घरात कुणी त्यांचे नाव काढले, की मुलगा म्हणे, 'आता पुन्हा ते नको.' ओट्यावर एकदा निळ्या कापडाचा तुकडा कमी पडला आणि मावशी घरी जाऊन तो निळा सदरा घेऊन आल्या. कात्री लावायला त्यांचा हात धजेना, तेव्हा शेजारणीने हळूच विचारले, 'कुठं घालत होते हा?' त्यानंतर दोन दुपारी मावशी बोलत होत्या. पहिला पगार, गिरणीतली नोकरी, शेवटचा आजार, आयसीयूच्या दारातला तो आठवडा. कुणी उपदेश केला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सदरा कापला. शोकातून जाणाऱ्या माणसाला 'विसरून जा' म्हणण्यापेक्षा गेलेल्या माणसाबद्दल बोलू देणे अधिक उपयोगी असते. मावशींचे रडणे थांबले असे नाही. पण झोपेची गोळी वाढवून मागायला त्या आल्या नाहीत.

एका तरुण सुनेचा लागोपाठ दोनदा गर्भपात झाला होता. आपल्यातच काही खोट आहे, असे तिने ठरवून टाकले होते. दोरा ओवता ओवता तिच्याहून वीस वर्षांनी मोठी असलेली बाई म्हणाली, 'माझीबी दोन गेली. मग ही थोरली झाली.' हा वाक्यातला दिलासा माझ्या कोणत्याही आकडेवारीपेक्षा तिला लवकर पोचला. तपासण्या तर आम्ही केल्याच, पण त्यांसाठी ती मान वर करून आली.

तिसरी गोष्ट जिवावर बेतणारी होती. एकीची पाळी जाऊन चार वर्षे झाली होती. सहा महिन्यांपासून मधूनमधून डाग लागत होता. घरी सांगायची लाज, दवाखान्याची भीती. 'उष्णता असंल' अशी स्वतःचीच समजूत काढलेली. एक दिवस तिने शेजारच्या आक्कांना विचारले, 'आक्का, पाळी गेल्यावर तुम्हाला असं झालं होतं का?' आक्कांनी सुई खाली ठेवली. 'मला नव्हतं झालं. चल, उद्या दवाखान्यात जाऊ. मी येते संगं.' दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासला गेला. कर्करोग होता, पण गर्भाशयापुरताच. शस्त्रक्रिया झाली. ती आता नियमित तपासणीला येते आणि ओट्यावरही बसते.

पाळी कायमची गेल्यानंतर एकदा जरी रक्तस्राव झाला, अगदी थेंबभर डाग जरी लागला, तरी तो तपासून घेतलाच पाहिजे. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण ते तपासणीनंतर ठरते, आधी नाही. हे वाक्य आमच्या रुग्णालयाच्या भिंतीवर फलकात आहे. तिच्यापर्यंत ते आक्कांच्या तोंडून पोचले.

हरारेचे बाक आणि गोव्याचे केंद्र

सामान्य माणसांनी ऐकून घेण्याचा खरेच उपयोग होतो का, याची काटेकोर चाचणी झाली आहे. झिंबाब्वेतील मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेमध्ये 'फ्रेंडशिप बेंच' हा उपक्रम उभा केला. दवाखान्याच्या आवारातल्या लाकडी बाकावर प्रशिक्षण घेतलेली वस्तीतली आजी बसते आणि रुग्णाचे ऐकून घेऊन एकेक अडचण सोडवायला मदत करते. तिथल्या शोना भाषेत या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्याकडची बाईही 'डोक्यात सारखे विचार येतात' असेच सांगते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ जण होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात जवळजवळ निम्म्या जणांत नैराश्याची लक्षणे होती. बाकावर बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे सातात एक होते.

या उपक्रमाचा पुढचा टप्पा आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. बाकावरच्या भेटी संपल्यावर स्त्रियांना एका गटात बोलावले जाते. तिथे त्या गोलाकार बसून टाकाऊ प्लॅस्टिकपासून पिशव्या विणतात आणि बोलतात. हाताला काम, चार पैशांची मिळकत आणि सोबत. ओट्यावरच्या बायकांना हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेच्या पुढाकाराने अशीच एक चाचणी झाली आणि ती २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्रशिक्षित सामान्य व्यक्तींकडून सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. या समुपदेशनाचा गाभा साधा आहे. बरे वाटले की काम करू, अशी वाट न पाहता आवडीचे, अर्थपूर्ण काम थोडे थोडे सुरू करायचे. त्यातूनच मन हळूहळू वर येते.

स्मरणशक्तीचे काय? डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत टेक्सासमध्ये ६० ते ९० वयाच्या २२१ जणांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना तीन महिने आठवड्याला पंधरा तास गोधडीकाम किंवा डिजिटल छायाचित्रण किंवा दोन्ही शिकवले. काहींनी तेवढाच वेळ गप्पागोष्टी आणि सहलींत घालवला. नवीन कौशल्य शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. छायाचित्रणात हा परिणाम जास्त ठळक होता. याचा अर्थ असा, की गप्पांनी मन हलके होते, पण मेंदूला व्यायाम हवा असेल तर नवे आणि थोडे अवघड काही शिकायला हवे. वर्षानुवर्षे सरळ धावदोरा घालणाऱ्या आजींनी नवी नक्षी शिकावी आणि नातीला मोबाइलवर तिचा फोटो काढायलाही शिकवायला सांगावे.

गट जमवताना

गोधडीच हवी असा आग्रह नाही. बचत गटाची बैठक, भजनी मंडळ, पापड-कुरडयांचे काम, सोसायटीच्या गच्चीवरचे विणकाम, यांपैकी काहीही चालेल. मात्र काही पथ्ये पाळायला हवीत.

पहिले पथ्य, इथले बोलणे इथेच राहील. गोष्ट बाहेर फुटली की गट मोडतो आणि सांगणारीचे जिणे अवघड होते. दुसरे, सासू आणि सून शक्यतो वेगळ्या गटांत असाव्यात. दोघींनाही बोलायचे असते आणि पुष्कळदा एकमेकींविषयीच. तिसरे, विधवा, टाकलेली, मूल नसलेली, दुसऱ्या जातीची किंवा धर्माची शेजारीण बाहेर राहणार नाही हे पाहावे. ज्या बाईला गटाची सर्वांत जास्त गरज असते, तिलाच बहुधा बोलावणे जात नाही. चौथे, उपदेश कमी करावा. 'सगळ्यांच्याच घरी असतं' या वाक्याने समोरचीचे तोंड बंद होते. 'मग काय झालं?' या प्रश्नाने ते उघडते.

गट हा उपचाराला पर्याय नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज उदास वाटणे, कशातच रस न उरणे, झोप आणि भूक बिघडणे, काम होईनासे होणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि त्यांवर औषधे व समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. एखादी 'जगून काय करायचं' असे म्हणू लागली, तर ते बोलणे थट्टेवारी नेऊ नका. तिला एकटी सोडू नका आणि तातडीने रुग्णालयात आणा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे आणि सरकारी रुग्णालयातही मदत मागता येते.

आता थोडे शिवणाऱ्या शरीराविषयी. जमिनीवर वाकून तासन् तास शिवल्याने मान आणि कंबर धरते. भिंतीला पाठ टेकून बसा, गुडघे दुखत असतील तर खुर्ची-टेबल घ्या आणि अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या मारा. उजेड पुरेसा हवा. चाळिशीचा चष्मा लावण्यात कमीपणा नाही. जुने कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच घ्या. दमा असेल तर कापड झटकताना नाकाला पदर लावा. मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे, कारण पायाची संवेदना कमी झालेली असेल तर टोचलेली सुई कळत नाही आणि जखम चिघळते. उठण्यापूर्वी सुया मोजून डबीत ठेवायच्या, हा नियमच करावा.

शेवटचे सांगणे घरातल्या पुरुषांना आणि मुलांना आहे. आई, बायको किंवा बहीण दुपारी दोन तास मैत्रिणींत जाऊन बसली, तर चहा आपला आपण करून घ्या आणि 'काय एवढं बोलत होता?' असे विचारू नका. आपल्या घरांत बाई आजारी पडली, की मगच तिला बसायला मिळते आणि मगच तिला कसे आहे हे विचारले जाते. आजारी न पडता तिला बसता आले पाहिजे.